वेड्या मास्तरांची इर्जिक

माझ्या वडलांना वाडीनं वेडं ठरवलं होतं आणि आईचं त्याला पूर्ण अनुमोदन होतं. ती रागानं म्हणायची नाही. चुलीवर तवा ठेवावा इतक्या सहज म्हणायची, "तुमचे बाबा हायेत जरा येडे. देवानं माणूस चांगला दिला, पण अक्कल वाटताना हात आखडता घेतला." बाबा समोरच चहा पीत बसलेले असत. ते मान डोलवत आणि आणखी घोटभर चहा मागत.

आम्ही ख्रिस्ती. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या अलीकडं एक वाडी होती, तिथल्या मिशनच्या शाळेवर बाबा मास्तर होते. वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच. बाकी सगळी भात लावणारी शेतकरी माणसं. ओढ्याकडेला एक खाचर आम्हीही कसत होतो, आंबेमोहराचं. वाडी आमच्याशी चांगली वागायची. पोरं शाळेत धाडायची, दुखलंखुपलं की बाबांकडून औषधाची पुडी न्यायची, मला तर कडेवर बसवून जत्रेला न्यायची. फक्त आमच्या चुलीवरचं कुणी खात नसे. पाणीसुद्धा घेत नसत. त्यात वैर काही नव्हतं, रीतच तशी होती. आणि रीत म्हटली की तिला कोण विचारायला जातंय?

आता इर्जिक म्हणजे काय ते सांगते, म्हणजे बाबांचं वेड नीट कळेल. एखाद्याचं काम एकट्याच्यानं उरकेना झालं की तो घरोघर सांगून इर्जिक घालायचा. सगळी वाडी बैल, नांगर घेऊन त्याच्या शेतावर उतरायची आणि एका दिवसात काम हातावेगळं करायची. मजुरी नाही. घरधन्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, बस्स. बाबा प्रत्येकाच्या इर्जिकीला जायचे. शाळेला सुट्टी द्यायचे, धोतर खोचायचे आणि पार संध्याकाळपर्यंत चिखलात. जेवायच्या वेळी त्यांचं पान बांधाच्या कडेला, जरा लांब मांडलेलं असायचं. तिथं बसून चवीनं जेवायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, "काय आमटी होती, तिखटजाळ."

आईचा जळफळाट व्हायचा. "तुमी जाता, त्यांचं जेवता. आपण इर्जिक घातली तर येईल का कोण? आपल्या हातचं खातं का कोण?"

"नाही खात."

"मंग कशापायी राबता?"

"बोलावतात, म्हणून जातो," बाबा म्हणायचे. आई भांडी जरा जोरात घासायची.

तर त्या वर्षी काय झालं, ऐन आषाढात, दुसऱ्याच्याच इर्जिकीत, बाबा बांधावरून घसरले आणि पाय मोडून घेतला. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि श्रावण सरेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून बजावलं. इकडं आमचं रोप लावायला आलेलं. भाताचं रोप काही कुणाचा पाय बरा व्हायची वाट बघत नाही. ते जून झालं की लावून उपयोग नसतो. आणि त्या खाचरावर आमच्या ताईचं लग्न उभं होतं. नाताळात लग्न ठरलेलं, पंगतीचा तांदूळ ह्याच शेतातून यायचा होता. ताई दिवसातून कितीदा तरी रोपाकडं जाऊन यायची आणि परत घरात शिरायची.

आईनं भोरला तिच्या भावाला निरोप धाडला. मामा संस्थानच्या कचेरीत कारकून. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री, बोलणं तोलून मापून. ख्रिस्ती तोही, प्रार्थना कधी चुकवायचा नाही. पण देव रविवारी आणि व्यवहार सोमवारपासून, असं त्याचं चोख होतं. नसरापुरापर्यंत मोटारीनं आणि पुढं चिखल तुडवत तो आला, बाबांच्या खाटेशी बसला आणि पायाकडं बघून म्हणाला, "दाजी, दुसऱ्याच्या चिखलात पाय मोडून घेतलात. आपल्या चिखलात मोडला असता तर मला समजलं असतं."

बाबा हसले. मामा हसला नाही. त्यानं येतानाच सगळं जुळवून आणलं होतं. नसरापूरकडचा एक बागायतदार आपली माणसं धाडून आमचं खाचर लावून द्यायला तयार होता, अर्धेलीनं. निम्मा तांदूळ त्याचा. मामा म्हणाला, "निम्म्यात लग्नाची पंगत होत नाही, कबूल. चार घरची माणसं बोलावू. पण काहीच नसण्यापेक्षा बरं. होय म्हणा, उद्या निरोप देतो."

आईनं मान डोलवली. ताईनंही डोलवली. शहाणपणाचंच होतं ते, मला आजही तसंच वाटतं.

बाबा म्हणाले, "आपण इर्जिक घालू."

आईनं मामाकडं बघितलं.

मग मामानं छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "बरं, घाला. पण मग शिधा द्या. डाळ-तांदूळ पाटलाच्या घरी पोचवा, तिकडंच शिजू द्या. म्हणजे लोक तरी येतील." खरं सांगते, ही तोड ऐकून आईचा चेहरा केवढा खुलला. एवढा साधा मार्ग आपल्याला का सुचला नाही, असं झालं तिला.

"नाही," बाबा म्हणाले. "माणसं आपल्या शेतात बोलवायची आणि आपली चूल लपवायची? आपल्याच चुलीवर शिजवायचं. ज्याला जेवायचं तो जेवेल."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर नाही आलं."

"रोप वाया जाईल, दाजी. बागायतदार थांबणार नाही. पोरीच्या लग्नाचं काय?"

बाबांनी ताईकडं बघितलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. "तुझं काय म्हणणं?" त्यांनी तिला विचारलं. ताई माझी गरीब गाय, तिनं उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." आईनं कपाळाला हात लावला. घरात आता दोन वेडे झाले.

इर्जिकीचं आवतण द्यायला घरच्यानं दारोदार जायचं असतं. बाबा तर खाटेवर. मग आई निघाली, मला बोटाला धरून, डोक्यावर इरलं घेऊन. प्रत्येक अंगणाच्या कडेला उभी राहून ती भांडायला आल्यासारखी सांगायची, "मास्तरांनी इर्जिक घातलीय परवा. जेवण आमच्याच घरचं. यायचं तर या." आतून उत्तर यायचं, "बघू." आमच्याकडं बघू म्हणजे नाही. सगळ्या वाडीभर आम्ही बघू गोळा करून आलो.

घरी आल्यावर मला वाटलं आई आता मूठभर भात टाकेल आणि मोकळी होईल. पण तिची तऱ्हाच वेगळी. म्हणाली, "करायचंच हाय ना? मंग हात राखून न्हाई करायची. उद्या कुणी म्हणायला नको मास्तरणीनं कमी रांधलं." लग्नासाठी राखलेल्या कोंबड्या तिनं कापल्या. कणगीच्या तळाचा आंबेमोहर उपसला. श्रावण तोंडावर आलेला, वाडीतला जो तो शेवटच्या रश्श्याची वाट बघत होता, आणि पहाटेपासून आमच्या घरातून खोबरं भाजल्याचा वास चारी अंगांनी निघालेला. मामा दाराशी उभा राहून म्हणाला, "वासावर तरी येतील." तेवढी एकच चेष्टा केली त्यानं आयुष्यात.

उजाडलं. बाबांना खाटेसकट बांधावर नेऊन ठेवलं, वर इरलं बांधलं. खाचरात पाणी भरलेलं आणि माणूस एक नाही. ताई रोपाच्या वाफ्यात एकटीच वाकली आणि उपटायला लागली. मी आईचा पदर धरून उभी होते. तेवढ्यात धुक्यातून बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजल्या. ज्याच्या शेतात बाबा पडले तो गडी पुढं, आपली जोडी घेऊन. त्याच्यामागं दुसरी जोडी. मग बाया, इरल्यांची रांगच्या रांग. "मास्तर, कुठनं लावू?" त्यानं विचारलं, जसं काही रोजचंच आहे. बाबांनी हात वर केला आणि कुठंतरी दाखवलं.

मग काय विचारता. चिखल झाला, बायांची गाणी सुरू झाली, एकमेकींच्या सासवांवर रचलेली. कुणीतरी मामाला म्हणालं, "कारकूनसाहेब, काखेतल्या छत्रीला कोंब फुटायच्या आत उतरा की." मामानं बिचाऱ्यानं टोपी काढून बाबांच्या खाटेवर ठेवली, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि उतरला. त्याच्या ओळी वाकड्या येत होत्या. बाया त्या उपटून पुन्हा लावत होत्या आणि खो-खो हसत होत्या. दुपारपर्यंत खाचर हिरवंगार.

जेवायची वेळ झाली. आईनं आणि ताईनं पातेली आणून बांधावर ठेवली. आणि लोकांनी आपापली फडकी सोडली. घरून भाकरी बांधून आणल्या होत्या प्रत्येकानं. सोबत चटणी, कांदा. कुणी आमच्याकडं बघेना. गाणी केव्हाच थांबली होती. आईनं झाकण काढलं तसा वास सगळ्या खाचरावरून गेला, आणि माणसं खाली मान घालून कोरडी भाकरी मोडत राहिली. बाबा मात्र सगळ्यांना म्हणत होते, "सावकाश जेवा."

मला वाटलं आई आता रडेल किंवा पातेली ओढ्यात पालथी करेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती सरळ थोरल्या पाटलीणबाईंपुढं जाऊन चिखलात बसली. ही पाटलाची म्हातारी आई. तिला वाडीत कुणी उलट बोलत नसे.

"पाटलीणबाई, मला भाकर द्या."

म्हातारीनं वर बघितलं. "तुज्याकडं येवढं शिजलंय की."

"ते पाव्हण्यांचं हाय. पाव्हणे जेवल्याबिगर घरची बाई जेवत न्हाई, तुमीच सांगा जेवते का? पहाटंपासनं रांधतेय, पोटात कण न्हाई. तुमी काय जेवणार न्हाई. मंग द्या तुमचीच."

म्हातारीनं आईकडं चांगलं निरखून बघितलं. मग भाकरी मोडली आणि अर्धी आईच्या हातावर ठेवली. आई ती तिथंच खायला लागली. नाचणीची गार भाकरी, तिला ठसका लागला.

"कोरडी कशी उतरंल, बये? घे की जरा कालवण."

"मी एकटी न्हाई घेणार," आई म्हणाली.

म्हातारीचा लेक, पाटील, शेजारीच बसला होता. त्यानं गडाकडं तोंड फिरवलं आणि एकटक बघत राहिला. गड सगळा ढगात होता, दिसत काही नव्हतं. म्हातारीनं आपली अर्धी भाकरी पुढं केली. "घाल मास्तरणी. अन् निस्ता रस्सा नगं, फोड बी घाल. जातीला काय इचारायचं आसंल ते मी मेल्यावर इचारू द्या."

सगळ्यांनी खाल्लं असं मी म्हणणार नाही. कितीतरी जण आपापली भाकरी खाऊन, हात धुऊन उठले. पाटील तर शेवटपर्यंत गडच बघत होता. पण म्हातारीमागून ज्याच्या शेतात बाबा पडले तो सरकला, मग त्याची बायको, मग पोरंबाळं. म्हातारीनं तर तीनदा मागून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाली. ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी उरलेल्या भाकऱ्या आमच्या टोपलीत ठेवल्या. "असू द्या घरात," म्हणाले. आई टोपली घेऊन उभी राहिली आणि तिला रडू फुटलं, पातेली रिकामी झाल्यावर.

सगळे गेल्यावर आईनं बाबांना धरलं. "खरं सांगा, लोक येतील हे ठाऊक हुतं तुमाला?"

"नव्हतं."

"आन् जेवतील हे?"

"ते तर मुळीच नव्हतं."

"मंग माझ्या कोंबड्या कशाच्या जिवावर कापायला लावल्या?"

बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मी त्यांच्या घरचं जेवतोय. आपल्याकडंही चूल पेटते, हे त्यांना एकदा सांगावंसं वाटलं. माझा प्रभू असाच, कोण येईल ते न बघता, ताटं मांडून बसतो. मी नुसता बसलो, रांधलं तू." आई त्यांच्याकडं बघतच राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली, की खाटेचा आधार घ्यावा लागला तिला.

मामा चिखलानं माखलेले पाय ओढ्यात धूत होता. टोपी घालून, छत्री काखेत घेऊन तो परत शहाणा झाला होता. जाताना त्यानं विचारलं, "आता लग्नाला कुणाकुणाला सांगायचं?"

"सगळ्या वाडीला," आई म्हणाली.

"सगळे जेवतील का?"

"मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "आपण रांधायचं." आणि ती पातेली घासायला ओढ्यावर गेली.