मेंगाने आणून टेकवलेला वासा

आमच्या गावात स्कीची लिफ्ट कधी सुरू होणार, हे कुणी विचारत बसत नाही. लिफ्टच्या खोपटाच्या भिंतीकडे नजर टाकली की कळतं. लिफ्ट तरी केवढी? एक लोखंडी दोर आणि त्याला लटकलेले आकडे. आकडा बुडाखाली घ्यायचा आणि उभ्या उभ्या डोंगरावर ओढलं जायचं. खोऱ्यातल्या नावाजलेल्या ठिकाणी जाणाऱ्या बसगाड्या आमच्या फाट्याला ढुंकूनही बघत नाहीत.

स्कीचा उतार जातो तो गावकऱ्यांच्या गवताच्या कुरणांवरून. त्यामुळे थंडी पडली की ज्याने त्याने आपलं कुंपण काढायचं, खुंट उपटायचे, तार गुंडाळायची आणि फाटकाचा वरचा वासा खांद्यावरून आणून खोपटाला टेकवायचा. वासा आला म्हणजे कुंपण निघालं. सगळे वासे उभे राहिले की लिफ्टवाला दुरी बटण दाबायचा. कुणी कुणाचं कुरण तपासायला जायचं नाही. तसं जाणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं.

मेंगाचं कुरण उताराच्या तळाशी, ओढ्याला लागून आहे. लिफ्टच्या पायथ्याचं सूपघर तीच चालवते. जवाचं सूप, सुकवलेलं मांस, अक्रोडाचा केक. चौथा पदार्थ मागितला तर ती गिऱ्हाइकाकडे असं बघते की तो पुन्हा सूपच मागतो. सगळं गाव तिला ओंदा म्हणतं, म्हणजे मावशी. सख्खी ती कुणाचीच नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कुंपण ती एकटीच काढायची. माझ्या घराची भिंत तिच्या घराच्या भिंतीला लागून, त्यामुळे खुंट उपटून आल्यावरचं तिचं कण्हणं मला ऐकू यायचं. मदतीला जायची मात्र सोय नव्हती.

एका वर्षी दुरी तिला मदतीचं विचारायला गेला होता. तिचे गुडघे सुजलेत, हे त्यानेही पाहिलं होतं.

"ओंदा, ओढ्याकडचा तुकडा मी काढून देऊ का?"

"का? मी मेले?"

"तसं नाही गं. गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू तुझ्या लिफ्टला तेल घाल. गेल्या वर्षी डुकरासारखी किंचाळत होती."

दुरी हसत परत गेला. मेंगाने वरचं कुंपण काढलं. ओढ्याकडचा तुकडा उद्यावर टाकला. आणि रात्रीतून बर्फ पडला, गुडघाभर; तिकडचे ठेंगणे खुंट पार बुडाले.

सकाळी खोपटापाशी सगळे वासे उभे, आणि मधे एका वाशाची जागा मोकळी. पोरंसोरं स्की पायात अडकवून तयार. दुरीने खालूनच हाक मारली, "ओंदा, तुझाच राहिला की!"

त्या वेळी नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी चाललं असतं. चार माणसं फावडी घेऊन आली असती आणि तासाभरात तार निघाली असती. पण मग गावभर झालं असतं की मेंगाला आता जमत नाही. तिने वासा खांद्यावर घेतला, खाली आणला आणि मोकळ्या जागेत टेकवला. ओढ्याकडे कोण मरायला जातंय, असं मनाशी म्हणाली. तोंडाने ती एक अक्षर खोटं बोलली नाही. वासाच बोलला.

दुरीने बटण दाबलं. पोरं ओरडली.

हे सगळं तिने मला फार नंतर सांगितलं, माझ्या ओट्याशी बटाटे सोलता सोलता. तेव्हा मला एवढंच दिसायचं, की बाई सूप ढवळताना सारखी खिडकीबाहेर बघते. खिडकीतून ओढ्याकडचा उतार सरळ दिसतो. मला वाटायचं, नवऱ्याची आठवण येत असेल.

जानेवारीत बोडमर नावाचे एक गृहस्थ झ्यूरिकहून आले. धिप्पाड आणि हौशी. आमचं ठिकाण नकाशात शोधून काढलं याचाच त्यांना केवढा अभिमान. पहिल्याच फेरीत त्यांना वळता आलं नाही आणि ते सरळ ओढ्याच्या बाजूला जाऊन उताणे पडले. मेंगाने खिडकीतून पाहिलं आणि हातातल्या पळीसकट धावत सुटली. सुजलेले गुडघे, अंगावर नुसता एप्रन, आणि बर्फात धावत्येय! मागून मीही निघाले.

"पाय! पाय कुठे अडकलाय? तार लागली का?" असं ती त्यांच्या बुटांपाशी चाचपडत विचारत होती.

"कसली तार?" बोडमर बर्फ थुंकत म्हणाले. "काही अडकलं नाही हो बाई. मला येतच नाही, म्हणून पडलो!"

ती मटकन बर्फात बसली आणि रडायला लागली. बोडमरसाहेब विरघळलेच. अनोळखी पाहुण्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारी माणसं फक्त अशाच छोट्या गावांत राहिलीत, असं ते सूपघरात ज्याला त्याला सांगत बसले. घरी गेल्यावर त्यांनी चॉकलेटचा हा एवढा डबा पाठवला, वर रेशमी फीत. मेंगाने तो उघडलासुद्धा नाही. माझ्या दारात आणून ठेवला आणि म्हणाली, "मला गोड चालत नाही." मी आणि माझ्या नवऱ्याने तो दोन दिवसांत संपवला. अक्रोडाच्या केकवर मुठीने साखर पेरणाऱ्या बाईला गोड कसं चालत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत दक्षिणेकडचा गरम वारा सुटला. असा वारा आला की डोकी दुखतात, नवराबायको भांडतात आणि बर्फ बघता बघता झिजतो. उन्हाच्या बाजूचा उतार ठिकठिकाणी तपकिरी दिसायला लागला. आणि रविवारी पोरांची शर्यत! ती चुकली, तर इथली पोरं वर्षभर आईबापांशी नीट बोलत नाहीत.

शनिवारी दुपारी दुरी सूपघरात कॉफी प्यायला आला. अंगाने ओला, पण खुशीत.

"जमलं एकदाचं, ओंदा. शर्यत ओढ्याकडून घेतो. सावलीतला बर्फ अजून घट्ट आहे. तुझ्या कुरणातून सरळ खाली, सुसाट."

मेंगाचा हात थांबला.

"तिकडून?"

"मग कुठून? वरच्या बाजूला बर्फ इतका गेलाय की नुसत्या गायी सोडायच्या बाकी आहेत. माझी लादिना पहिली सुटणार. सकाळपासून स्कीला मेण लावत्येय, जेवायचंसुद्धा भान नाही."

दुरीच्या या लेकीला मेंगाने लहानपणी आपल्या मांडीवर घेऊन सूप पाजलं होतं. आता बोलायचं, असं तिने ठरवलं. तोंड उघडलं. तोंडातून आलं, "अजून कॉफी?"

दुरी गेल्यावर ती फावडं घेऊन ओढ्याकडे गेली. वरचा बर्फ दिवसभर वितळून आता संध्याकाळच्या गारठ्यात काचेसारखा झाला होता. पुष्कळ खणल्यावर एका खुंटाचं डोकं लागलं, वीतभर खाली. तिथून तार कुठे वळली असेल, हे तिला सांगता येईना. हाताने ओढावी, तर बर्फाने ती दातांत धरल्यासारखी. सकाळी दुरीचं यंत्र उतार दाबायला येणार, म्हणजे उरलेला वीतभर थरही दबून बसणार. तिने खड्डा पायाने बुजवला आणि घरी आली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

रविवारी सगळं गाव पायथ्याशी जमलं होतं. दुरीने लाल-निळ्या काठ्या रोवल्या होत्या, थेट मेंगाच्या कुरणातून. वर लादिनाचं पिवळं टोपडं दिसत होतं. दुरीने निशाण उचललं, आणि तेवढ्यात एप्रन घातलेली मेंगा काठ्यांमधून चालत वर निघाली. ओढ्याच्या अलीकडे, बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली.

"ओंदा, शर्यतीत उतरलीस की काय?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"सूप उतू जातंय बघ तुझं!"

"बाजूला हो गं, पोरं गारठली!"

ती हलेना. दुरी निशाण घेऊन तिच्याकडे चढायला लागला. अर्ध्या वाटेवरूनच वैतागून म्हणाला, "झालं काय? बरं नाही का वाटत?"

"इथे माझी तार आहे," मेंगा म्हणाली.

"काय?"

"तार. कुंपणाची. मी काढली नाही. वासा आणला, पण काढली नाही."

वाक्य मोठ्याने म्हटलेलं नव्हतं, तरी खालचा हशा बंद झाला. दुरी तिच्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने वळून वर पाहिलं, पिवळ्या टोपड्याकडे. तिथून वेगाने येणाऱ्या पोरीला तार कशी आणि कुठे लागली असती, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्याने फावडं मागवलं आणि स्वतः खणायला लागला. तार निघाली ती जेमतेम चार बोटं खाली, लादिनाची स्की नेमकी अडकेल एवढ्यावर.

शर्यत त्या दिवशी ओढ्याच्या वरच संपवली. छोटीशी, घाईघाईत. लादिना दुसरी आली आणि रडली. सूपघर उघडं होतं, सगळे आले, सूप प्यायले. कुणी मेंगाला टोचून एक शब्द बोललं नाही. भांडी आवरताना ती मला म्हणाली, "एकाने तरी शिवी द्यायची होती गं."

पुढच्या थंडीत वासे पुन्हा आले. मेंगाने आपला सगळ्यांच्या आधी आणला. या वेळी ओढ्याकडचा तुकडा तिने माझ्याकडून काढून घेतला, आणि वर मला खुंट धरायची अक्कल नाही हेही ऐकवलं. खोपटाची भिंत भरली, पोरं तयार झाली. दुरीने मात्र बटण दाबलं नाही. बूट घातले, काठी घेतली आणि वरून एकेक कुरण बघत निघाला. नुसतं मेंगाचं नाही, सगळ्यांचं. म्हातारा तुमाश तर इतका संतापला की त्याने दुरीशी बोलणं टाकलं. "बापाच्या वेळेपासून वासा पुरत होता," असं तो सूपघरात बसून टेबलाला सांगत होता. मेंगाने त्याच्यापुढे वाडगा ठेवला आणि आत निघून गेली.

सगळ्यांत शेवटी दुरी ओढ्याकडे आला. काठीने सावकाश, जागोजागी टोचून बघत गेला. खिडकीतून आम्ही दोघी बघत होतो. शेवटच्या टोकाला जाऊन त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि ठीक आहे म्हणून हात उंचावला.

मी हात हलवला. मेंगाने हातातली पळी नळाखाली धरली. पळी स्वच्छच होती. तरी मेंगा ती बराच वेळ घासत राहिली.