बत्तीस इंचांतली नवरी

साधनाताईंचा मॉनिटर निवडायला अंबादास दुकानात दहा फूट मागे सरकून उभा राहिला. त्याच्या गावी, जिंतूरला, टीव्ही असाच घेतात. शेजाऱ्यांसकट सगळ्यांना दिसायला हवा. बत्तीस इंची पसंत पडला. त्याच किमतीच्या चोवीस इंचीकडे बघून तो म्हणाला, "ताई, हा काय डबा? पैसे मोजायचे तर पडदा घ्या!"

अंबादास फरीदाबादला नटबोल्टच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बिलं करायचा. तेवढ्यावर ताई त्याला जाणकार समजत. तोही समजे.

ताईंना वीस वर्षांनी स्वतःचं काम मिळू घातलं होतं. दिल्लीच्या करोल बागेतल्या एका फोटो स्टुडिओनं जुने, डागाळलेले दहा फोटो कॉम्प्युटरवर सुधारायला दिले होते. पसंत पडले तर काम कायमचं. नव्या पडद्यावर सुधारलेले पहिले पाच घेऊन त्या गेल्या, तर कावीळ झाल्यासारखी पिवळी नवरी बघून मालक म्हणाला, "मॅडम, दुल्हन को पीलिया करवा दिया?" उरलेल्या पाचांसाठी शनिवारपर्यंतची मुदत दिली, तीही भिडेखातर.

अंबादास धावत ताईंच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आला. टेबल भिंतीला टेकलेलं, पडदा खुर्चीपासून हातभर अंतरावर. खुर्चीत बसून पाहिलं, तर नवरीच्या गालावर चौकटी चौकटी दिसत होत्या. मान जरा कलली की ती गव्हाळची राखाडी व्हायची.

"ताई, मान हलवू नका."

"मग मानेला खुंटी ठोकू? असं का होतंय ते सांग."

"चित्र ठिपक्यांचं असतं. यात आणि त्या चोवीस इंची डब्यात ठिपके सारखेच. यात पसरलेत," तो ओशाळला. "आणि पॅनेल स्वस्तातलं, म्हणून रंग बदलतो. डब्याचं चांगलं होतं."

"म्हणजे पुरीच्या लाटीची पोळी लाटलीस, आणि आता मलाच सांगतोयस विरळ झाली म्हणून!"

दुकानदार परत घेईना. "पैकिंग खुल गई, भाईसाहब." शेवटी अंबादासच म्हणाला, "हा मी ठेवतो ताई, तुम्ही दिलेल्या किमतीला. तुम्ही डबा घ्या."

या वेळी त्यानं दुकानात नवरीचा मूळ फोटो सोबत नेला, त्याचा स्कॅन चोवीस इंची पडद्यावर लावला, हातभर अंतरावर स्टूल ओढून बसला आणि मान डावीउजवीकडे हलवत राहिला. सेल्समन हिरमुसला, "पसंद नहीं आया?"

"यही चाहिए, यार!" मान हलतच होती. नवरी मात्र गव्हाळ ती गव्हाळच राहिली.

ताईंनी दहाच्या दहा फोटो नव्यानं केले. शनिवारी मालकानं नवरी उजेडात धरली, निरखून पाहिली आणि सुधारायच्या आणखी तीस फोटोंचं पाकीट पुढे सरकवलं. ताईंनी ते पर्समध्ये न ठेवता घरापर्यंत हातातच आणलं.

बत्तीस इंची अंबादासच्या फरीदाबादच्या खोलीत गेला. तिथे चौघं जण दहा फुटांवरच्या गादीवरून क्रिकेट बघतात. चौघांचं म्हणणं, पिक्चर एकदम बिल्कुल फर्स्टक्लास.

ताईंनी त्याला दंड ठोठावला होता: एका रविवारी येऊन वीस पोळ्या लाटायच्या, विरळ चालणार नाहीत. त्यानंतर तो चार रविवार येऊन गेला. दर वेळी नेमका पानं वाढल्यावर पोचला.

वीसच्या वीस पोळ्या अजून बाकी आहेत.