तबकडी घराबाहेर जाणार नाही

माझी आई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि एका खोलीत आम्ही पाच जण. हात चालायचे तसा तिचा आवाज चालायचा. तिच्या ओव्या ऐकायला शेजारच्या बायका आपापली सुपं घेऊन आमच्या ओट्यावर येत. मी आठवीत असताना शहरातून एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आले. दुपारभर आईला गायला लावलं, कागदावर अंगठा घेतला, आणि "पुढच्या महिन्यात ऐकवायला आणतो, मावशी" म्हणून गेले. त्या दिवशी विड्या कमी भरल्या, म्हणून आईला कारखान्यात बोलणी खावी लागली. गृहस्थ काही परत आले नाहीत. वर्षभर वाट बघून आई म्हणाली, "माझा आवाज त्याच्यापाशीच ऱ्हायला." त्यानंतर ती मोकळ्या गळ्यानं गायली नाही.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारताही सांगते. पण बी.एस्सी.च्या आधीच एक गोष्ट शिकले होते: गोड बोलत येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचं.

ऐंशी सालानंतर लग्न होऊन अमेरिकेत वूस्टरला आले. तीन मजली लाकडी घरात आम्ही मधल्या मजल्यावर, खाली घरमालकीणबाई. सत्तरी ओलांडलेल्या, आई-वडील आयर्लंडहून आलेले. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं, की मी फोडणी टाकली की खाली ग्रामोफोनवर तबकडी सुरू होते. जुनी, खरखरणारी, एका बाईचा आवाज आणि साथीला काही नाही.

"फोडणीचा राग आहे त्यांना," मी नवऱ्याला म्हटलं. "तोंडानं बोलत नाहीत, गाणं लावतात."

"तू सीआयडीत जायला हवं होतंस," तो म्हणाला. प्राध्यापकाचा मुलगा तो, त्याला कुणी फसवलेलंच नव्हतं.

चार रविवार पाहिलं आणि पाचव्या रविवारी सरळ खाली जाऊन विचारलं. बाई हसल्या. "तू वर भांडी वाजवलीस की कळतं, घरात कुणीतरी आहे. मग लावते. हे एकटीनं ऐकवत नाही, डिअर."

मला ते लगेच पटलं नाही. तरी बसले. गाणं आयरिशमध्ये होतं आणि त्यातलं अक्षरही बाईंना कळत नव्हतं. "आईनं घरात इंग्लिशच बोलू दिलं," त्या म्हणाल्या. गाणारी त्यांची मावशी. बॉस्टनमध्ये कुणाकडे मोलकरीण होती. तिला एका रेकॉर्ड कंपनीनं न्यूयॉर्कला बोलावून दोन गाणी गाऊन घेतली. एक तबकडी फुटली, ही उरली. मावशीचा फोटोसुद्धा नव्हता.

मावशी घाई करत नव्हती. ओळीच्या मध्येच श्वास घ्यायची. शेवटचे शब्द मात्र तिनं गायलेच नाहीत, साधे बोलून टाकले, जणू सांगतेय, 'झालं, उठा आता.' माझ्या हातातला कप तसाच राहिला. विड्यांची जुडी पुरी झाली की आईही शेवटची ओळ अशीच बोलून टाकायची.

मग रविवार ठरून गेला. मी पोहे घेऊन जायची, बाई काळा कडक चहा करायच्या.

वसंत ऋतूत कॉलेजातला एक दाढीवाला आला. जुनी आयरिश गाणी जमवत होता. तबकडी घेऊन जातो, टेपवर उतरवतो, गाण्याचा अर्थही लावून देतो म्हणाला. बाईंनी तबकडी टॉवेलात गुंडाळून तयारच ठेवली होती.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तबकडी घराबाहेर जाणार नाही."

"मशीन कॉलेजात आहे," तो म्हणाला. "फार जड आहे."

"मग जड मशीन इथे आणा. आणि जाण्याआधी यांना एक कॅसेट द्या."

"तुम्ही यांच्या वकील का?"

"भाडेकरू."

तो टोपी घेऊन निघून गेला. बाई माझ्याकडे बघेनात. "मावशी काय म्हणतेय ते मरायच्या आधी कळलं असतं," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे तेही गेलं." पुढचे तीन रविवार मी फोडणी टाकली, भांडी आपटली, पण खालून आवाज आला नाही. नवरा म्हणाला, "सगळेच तसे नसतात गं." असतीलही, नसतीलही, पण माझ्या आईच्या वेळी आलेला माणूस तसाच निघाला होता. तरी त्या तीन आठवड्यांत मला जेवण गोड लागलं नाही, हे खरं.

चौथ्या शनिवारी गाडी थांबली. दाढीवाला आणि आणखी एक जण धापा टाकत मशीन दारापुढच्या पायऱ्यांवरून चढवत होते. "वकीलबाई आहेत का घरात?" त्यानं खालूनच ओरडून विचारलं. मी खाली जाऊन मशीनशेजारी स्टूल घेऊन बसले आणि तबकडीवरची नजर हलवली नाही. त्यानं कॅसेट दिली. आठवड्यानं अर्थ टाइप करून स्वतः आणून दिला. माणूस सरळ निघाला, हे मी कबूल करते. अट मात्र आजही तीच घातली असती.

गाण्यात एक मुलगी नावाड्याला सांगते: आईला सांग, मी इथे पोटभर जेवते. बाईंनी कागद दोनदा वाचला. "खोटारडी," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग मला विचारलं, "आणि तुझ्या आईचा आवाज कुणाकडे आहे?"

पुढच्या खेपेला कॅसेट रेकॉर्डर घेऊन सिन्नरला गेले. आईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की माझा संशयी स्वभाव कुठून आला ते कळावं.

"अंगठा घ्यायची का?"

"नाही गं."

"एक म्हणते. आधी मला ऐकव, मग फुडचं."

प्रत्येक ओवी अशीच झाली. ती गायची, मी टेप मागे नेऊन लावायची, ती मान तिरकी करून ऐकायची. पहिलीला म्हणाली, "घोगरी झाले की मी." चौथी ऐकून झाली तशी तिनं लगेच पुढची सुरू केली, मोकळ्या गळ्यानं.

दोन दिवसांत चौदा ओव्या झाल्या. एक कॅसेट आईच्या ट्रंकेत आहे, दुसरी माझ्याकडे.