अण्णांचा फ्लॅश आणि माझा डिजिटल

लोक म्हणतात, तू किस्से वाढवून सांगतोस. अहो, वाढवायचं कशाला? इंदिरानगरच्या टपरीवर आम्ही लग्नाचे चार फोटोग्राफर चहाला जमलो की मूर्खपणा आपोआप साचतो, आणि निस्तरायला मी!

रिळाचे दोन्ही कॅमेरे विकून मी नुकताच डिजिटल घेतला होता. घराचं पोट त्याच्यावर. जुने फ्लॅश त्यावर थेट लावायचे नाहीत, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत होतो. आमच्यातले सगळ्यात जुने अण्णा, मूळचे निफाडचे. त्यांच्या फ्लॅशला मी मीटर लावला. कॅमेऱ्याला टेकणाऱ्या टोकाशी अडीचशे व्होल्ट! माझा कॅमेरा जेमतेम सहा सोसणारा. अण्णा शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं हातात धरतोय. मला कधी शॉक नाय बसला, त्याला कसा बसंल?"

*

आमच्यातल्या संजयनं मात्र ऐकलं. त्यानंही डिजिटल घेतला होता. फ्लॅशच्या पायाला त्यानं वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणे आता करंट जाणार नाही. बरोबर, काहीच गेलं नाही, फ्लॅश उडायचा इशाराही नाही. अख्खा साखरपुडा अंधारात! पाहुण्यांच्या फ्लॅशच्या लखलखाटात आपला उडत नाही हे त्याला कळलंच नाही, आणि काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायची सवय तेव्हा कुणाला होती? दुसऱ्या दिवशी मलाच फोन, "तुझ्या सल्ल्यानं माझा फ्लॅश बिघडला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

*

दसऱ्याला आम्ही कॅमेऱ्यांची पूजा मांडली, तेव्हा तर कहर. मी हात धुऊन येईतो कुणीतरी माझ्या कॅमेऱ्याच्या फ्लॅश बसवायच्या खाचेतच हळदकुंकू भरलं, वर पाणी शिंपडलं. मी ओरडलो तर अण्णा म्हणतात, "देवाचं हाय. त्यानं काय होतंय?" आठवडाभर मी दात घासायच्या ब्रशनं ती खाच साफ करत होतो.

*

मग निफाडचं लग्न, अण्णाही मदतीला आलेले. माझा फ्लॅश ऐन मुहूर्ताच्या तोंडावर बंद पडला. नाइलाजानं अण्णांचा घेतला, पण थेट नाही. मध्ये जास्तीचे व्होल्ट अडवणारा छोटा अडॅप्टर बसवला आणि अण्णांना बजावलं, याला हात लावू नका. तेवढ्यात नवरीचे वडील मला ओढत पोह्यांकडे घेऊन गेले.

परत आलो तर भटजी अंतरपाट मागत होते आणि माझा कॅमेरा बंद. बटणं दाबली, बॅटरी बदलली. काही नाही. शेजारच्या खुर्चीवर अडॅप्टर पडलेला.

"अण्णा, हे कुणी काढलं?"

"मी. फ्लॅश डुगडुगत होता, मग थेट बसवला."

"अहो, कॅमेरा जळला माझा!"

अण्णांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून.

"डिजिटल लय नाजूक राव," ते म्हणाले. "आमच्या फ्लॅशला बघ, काय झालंय का?"

आणि त्यांनी तो लखकन माझ्या तोंडावर मारून दाखवला.