वूचला निघालेलं घोंगडं

तहसीलच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान असलं की माणसं काहीही घेऊन येतात. एकजण तर शेळीच घेऊन आत शिरला होता, विम्याच्या फॉर्मला तिचा फोटो लागतो म्हणून. मी केजला दुकान थाटल्यापासून कुणाला परत पाठवलेलं नाही. शेळीलासुद्धा नाही. फॉर्म भरते, छापते, कुरियर घेते, वर चार शिव्या देते आणि काम करून देते. आणि माझ्याच घरचं पार्सल दोनदा परत यावं, म्हणजे बघा.

पार्सलमध्ये घोंगडं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विणलेलं शेवटचं. त्याला चिंचोक्याची खळ लावून, वाळवून, घडी घालून ठेवलं आणि काही दिवसांतच आबा गेले. ज्या बाईसाठी ते विणलं ती पोलंडची. लोकर कशी कातायची ते शिकायला आमच्याकडे येऊन राहिली होती. स्वतःही विणणारीच. तिचं शहर कापडगिरण्यांचं, ती त्याला वूच म्हणायची. आबांना तिची भाषा येत नव्हती, तिला आबांची येत नव्हती, तरी मागापाशी दोघं तासन्‌तास बसायची आणि मधेच हसायची. माय चुलीपाशी बसून म्हणायची, "काय कळतंय काय म्हायती ह्यांना!" निघताना आबांनी तिला भिंतीला उभं केलं, हातानं मापलं आणि म्हणाले, "पाठवतो तुला एक. थंडी लई हाय म्हणत्यात तिकडं."

आमच्या घरात घोंगडं नाव घेऊन विणतात. पहिला धागा लावतानाच ते कुणाचं ते म्हणायचं, आणि मग ते त्याच्याच अंगावर जायला पाहिजे. घेणारा वारला तर त्याच्या लेकराला देतात, पण घरात ठेवत नाहीत. दिलेलं परत उंबऱ्याच्या आत आलं की विणणाऱ्याचा जीव त्यात गुंतून राहतो, असं माय मानते. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, आणि सासूचं सगळं खोटं म्हणणारी माझी माय हे एवढं मात्र खरं धरून बसली.

मला या बोलण्याचा राग यायचा. कारण मी पण दिलेली आणि परत आलेली. सासर सुटलं तेव्हा पिशवी घेऊन दारात उभी राहिले, तर माय पदर तोंडाला लावून रडायला लागली. आबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. धोटा टाकता टाकता एवढंच म्हणाले, "पोरगी काय घोंगडं हाय व्हय, दिलं म्हंजी दिलं? ये, हातपाय धू." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. दुकान टाकायला पण तेच पाठीशी उभे राहिले.

तर पार्सल पहिल्यांदा परत आलं ते थेट परदेशातून. वर चिठ्ठी चिकटवलेली, पत्ता अपूर्ण. मी म्हटलं, अपूर्ण कसा? बाईनं स्वतः पाठवलेला पत्ता मी अक्षर न अक्षर उतरवलेला. मग फॉर्मची माझ्याकडची कॉपी काढून नीट बघितली. शहराचं नाव चार अक्षरांचं. कागदावर दोनच उतरलेली. बाईच्या आडनावातली मधली अक्षरं पडलेली, गल्लीच्या नावाला भोकं. जिथं जिथं त्यांची ती वेगळी अक्षरं होती, एलच्या पोटावर तिरकी काट, ए या अक्षराच्या पायाला शेपूट, झेडच्या डोक्यावर टिकली, तिथं तिथं काहीच नाही. स्क्रीनवर बघावं तर सगळी जागच्या जागी. कागदावर मात्र दात पडल्यासारखं.

पार्सल घरात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून मायला आवाज ऐकू यायला लागला.

भर दुपारी. मी दुकानात, घरात ती एकटी. मागाच्या खोलीतून, धागा ठोकून बसवायच्या फणीचा ठोका यायचा, थांबून परत यायचा. सोबत ओल्या खळीचा वास. माय उठून बघायची तर मागावर धूळ आणि पालीची अंडी. तिनं दुपारचं घरात थांबणंच सोडलं. कडुनिंबाखाली पोतं टाकून बसायची. संध्याकाळी मी आले की म्हणायची, "तुझ्या आबाला वाट मिळंना. वस्तू पोचव बाई. त्येंना सुटू दे."

मी म्हणायची, "माय, उंदरं असतील."

"उंदरं खळ लावत्यात व्हय?"

एका दुपारी डबा विसरला म्हणून मी घरी गेले तर वास मलाही आला. मी डबा न घेताच दुकानात परत आले. हे मी मायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पोतं उचलून रस्त्यावरच गेली असती राहायला.

आता दोष शोधायला बसले. आमचा प्रिंटर जुना, फितीवर ठोकून छापणारा. कुरियरचा फॉर्म एकाखाली एक तीन कागदांचा असतो, खाली कार्बन, त्यामुळे ठोकून छापणाराच लागतो. बसस्टँडमागं मशिनी दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी फीत बदलली, छापणारं डोकं स्पिरिटनं पुसलं, फुंकर मारली, आणि मोठ्या ऐटीत कागद काढला. तीच भोकं.

"बेटा, ये इंग्रजी का कचरा हाय," चाचा म्हणाले. "ती काट न्हाई छापली तर काय आभाळ कोसळतंय? साधा एल टाक की!"

कुरियरच्या माणसानंही फोनवर हेच सांगितलं, आणि वरून स्वतःच म्हणाला की तिकडं पार्सल सोडवून घेताना बाईच्या ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच लागतं. मग कशाला सांगतोस बाबा? आणि खरं सांगू, नियम नसता तरी मी साधा एल टाकला नसता. बापानं नाव घेऊन विणलेलं घोंगडं मी मोडक्या नावानं पाठवू?

मग मी ते केलं जे आमच्या तालुक्यात कुणीही केलं असतं. आमच्या बिलांवर रुपयाचं चिन्हही कधी उमटत नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. त्यावर आम्ही पेनानं चिन्ह काढतो, आणि कुणी शंका घेऊ नये म्हणून शेजारी सही आणि दुकानाचा गोल शिक्का मारतो. तहसीलात खाडाखोड केली की सही-शिक्का लागतोच. त्याशिवाय कागदाला किंमत नाही, शिक्का असला की वाकडं अक्षरही सरळ होतं. म्हणून मी बारीक पेन घेतलं, गळलेलं एकेक अक्षर काट, शेपूट, टिकलीसकट भरलं, आणि प्रत्येक दुरुस्तीवर शिक्का हाणला. चांगला दाबून, तिन्ही कॉप्यांवर. चाचा शेजारी बसून म्हणाले, "आता कलेक्टर पण ना म्हणणार न्हाई!"

कलेक्टर ना म्हणाला नसता. मुंबईतून पार्सल परत आलं. शेरा होता, पत्त्यावर हातानं फेरफार, मजकूर वाचता येत नाही. माझे निळे शिक्के निम्म्या पत्त्यावर पसरले होते. मी दुकानात बसून आधी कुरियरवाल्याला, मग प्रिंटरला, मग पोलंडला शिव्या घातल्या. शटर अर्धं ओढलं आणि रडले. संध्याकाळी खोका काखेत मारून घरी गेले तर माय उंबऱ्यात आडवी उभी.

"आत न्हाई आणायचं."

"अगं बाहेर पाऊस आला तर?"

"न्हाई म्हणलं न्हाई! दोनदा परत आलंय. त्येंचा जीव किती ओढशील?"

"मग मला कावून घेतलं आत?" मी ओरडले. "मी पण दिलेलीच की!"

मायनं पदर खोचला. म्हणाली, "मी कुठं घेतलं? त्येंनीच घेतलं." आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. मी तशीच दुकानात परत गेले, खोका काउंटरखाली ठेवला. त्या बोलण्यानं मला जे लागलं ते आजही लागतं. पण तिनं खरं तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी प्रिंटर सोडून काही केलं नाही. गिऱ्हाइकं आली, त्यांना उद्या या म्हटलं. कंप्युटरमधलं अक्षर बदलून बघितलं, दुसरं वळण, तिसरं वळण. स्क्रीनवर ते बदलायचं, कागदावर मात्र तेच एक ठराविक वळण यायचं. सातव्या-आठव्या कागदाला माझी ट्यूब पेटली. कागदावरचं अक्षर कंप्युटरचं नाहीच! ते प्रिंटरच्या पोटातलं आहे. कंप्युटर नुसता सांगतो, अमुक अक्षर टाक, आणि प्रिंटर कारखान्यातून पोटात भरून आणलेल्या अक्षरांतलं काढून देतो. जे त्याच्याकडं नाही ते मुकाट्यानं गाळतो. नाही म्हणत नाही, थांबत नाही, लाल दिवा लावत नाही. रुपयाच्या चिन्हाच्या वेळी निदान प्रश्नचिन्ह तरी टाकायचा.

मग सेटिंगमध्ये शिरले आणि त्याला सांगितलं, तुझी अक्षरं तुझ्यापाशी ठेव. पानाचं आख्खं चित्र करून देते, ते ठिपक्या-ठिपक्यानं ठोक. अक्षर असो, काट असो, टिकली असो, तू फक्त ठिपके मार.

त्या वेळी माय दुकानात आलेली होती. दुपार झाली होती आणि तिला घरात थांबवत नव्हतं. स्टुलावर बसून ती बघत होती. चित्र छापताना तो प्रिंटर फार सावकाश चालतो. डोकं डावीकडून उजवीकडं जातं, परत येतं, त्याच ओळीवरून पुन्हा जातं, मग कागद केसभर वर सरकतो. माय एकटक त्याच्याकडं बघत म्हणाली, "असंच इणायचं बघ तुझा आबा. तिथल्या तिथंच हात फिरवायचा. मी म्हणायची, म्होरं सरका की आता!"

कागद बाहेर आला. शहराची चारही अक्षरं. काट, शेपूट, टिकली, सगळं जागेवर. तिसऱ्या कॉपीवरसुद्धा फिकट, पण होतं. मी त्यावर बोट फिरवलं आणि मला भडभडून आलं. मायला वाचता येत नाही, तरी तिनं कागद हातात घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "जा आता. मागं बघू नका." ती कागदाशी बोलत नव्हती, हे मला कळलं.

पार्सल पोचलं. बाईनं फोटो पाठवला. ती जिन्यात उभी होती, घोंगडं अंगावर, बरोबर घोट्यापर्यंत आलेलं. आबांच्या हाताचं माप चुकलं नव्हतं. मायनं मोबाईलवरच त्या बाईची दृष्ट काढली, कानशिलावर कडाकड बोटं मोडली. त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं आणि दुपारी घरात झोपली. आवाज नाही, वास नाही. चाचांना चहा पाजला, ते म्हणाले, "देखा? फीत बदलली म्हणून झालं!"

नंतरच्या आठवड्यात मी दुपारी घरी आले तर माय मागाच्या खड्ड्याच्या कडेला बसलेली.

"इथं कावून बसलीस?"

"आवाज यीना."

"अगं, तूच म्हणत होतीस ना सुटू दे म्हणून?"

"म्हणलं." तिनं मागावरची धूळ पदरानं पुसली. "म्या जा म्हणलं, आन् माणूस खरंच गेलं गं. जरा सुदीक थांबलं न्हाई."

ती जेवेनाशी झाली. दुपारची झोपही गेली. कडुनिंबाखाली नाही, चुलीपाशी नाही, फक्त खड्ड्याच्या कडेला कान लावून बसायची. आवाज होता तेव्हा भीती होती, आता तेवढीही सोबत उरली नव्हती. मलाही घर खायला उठायचं. प्रिंटर अक्षर गाळतो तसं घरातलं काहीतरी मुकाट्यानं गळून गेलं होतं, आणि त्याचं कुठलं सेटिंग मला माहीत नव्हतं.

एका दुपारी माय मागच्या दारी भांडी घासत होती. मी मागाच्या खोलीत गेले आणि खड्ड्यात पाय सोडले. आबांचे पाय घासून जागा गुळगुळीत झालेली. मला विणता येत नाही. मागावर नुसते सुटे धागे लोंबत होते. मी फणी धरली, ओढली आणि एक ठोका दिला. थांबून आणखी एक दिला.

भांड्यांचा आवाज थांबला. मागच्या दारातून माय म्हणाली, "आलाव का?"

हात फणीवर तसाच राहिला. ती ओले हात घेऊन दारात आली आणि खड्ड्यात मला बसलेली बघितलं. मला वाटलं आता ओरडेल, माग बाटवला म्हणेल. तिनं ओला हात चौकटीला टेकवला.

मग म्हणाली, "हळू ठोक. त्येंचा हात एवढा जड नव्हता."

आणि तिथंच उंबऱ्याला डोकं टेकवून आडवी झाली. मी हळू ठोकत राहिले, तिला झोप लागेपर्यंत.