गाभण मेंढ्या आणि मी

माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. सातवीत शाळा सुटली, चार-सहा वर्षं रानात गेली आणि तिथून लग्न होऊन थेट अंबड तालुक्यात आले. सोबत आणलेल्या सामानात भांडी बेताची होती, भीती मात्र भरपूर. दिवस गेले तशी ती दुप्पट झाली.

सासूबाईंचा नियम होता, पोटुशीनं पोटभर खायचं नाही. "लेकरू मोठं झालं तं अडतंय. तुलाच जड जाईन," म्हणत त्या माझ्या ताटातली दुसरी भाकरी उचलत. हे मायेनंच चाललंय हे कळत होतं, म्हणून जास्त पंचाईत. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात अडूनच गेली होती. नर्सबाई येऊन मला काट्यावर उभं करत. "वजन वाढलंच नाही. दोन जिवांचं खा," म्हणत. सासूबाई बराबर मान डोलवत. बाईंची पाठ वळली की म्हणत, "तिला काय जातंय सांगायला. बाळंत काय तिला व्हायचंय?"

त्याच दिवसांत घरात माझ्याखेरीज अकरा मेंढ्या गाभण होत्या. त्यांची बडदास्त वेगळी. त्यांच्यासाठी सासरे वडीगोद्रीच्या बाजारातून सरकीची पेंड आणत, मका भिजवून ठेवत. घमेली भरायचं काम माझं. एका सकाळी घमेलं भरता भरता मक्याची मूठ माझ्याच तोंडात गेली. मागं वळून पाहते तर सासरे उभे.

रीतीप्रमाणे ते माझ्याशी बोलत नसत. मेंढीकडं पाहत ते अंगण झाडणाऱ्या सासूबाईंना म्हणाले, "गाभणीला शेवटाला खुराक न्हाई भेटला तं कोकरू उभं राहत न्हाई."

"ते मेंढरू हाय."

"मंग हिलाबी मेंढरू समज."

मेंढरू म्हटल्याचं इतकं बरं कुठल्या सुनेला वाटलं नसेल. दुसऱ्या दिवसापासून ताटात दोन भाकरी, वर शेंगदाणे-गूळ, दूध. सासूबाई वाढताना माझ्या पोटाकडं बघून सुस्कारा टाकत. मी खातही होते आणि घाबरतही होते. त्यांचंच खरं निघालं तर?

मुलगी झाली, घरीच. चांगली बाळसेदार, पण अडली नाही. "आधी सात महिने मी आवरलं म्हणून," सासूबाई म्हणाल्या आणि गुळाचं पाणी घेऊन आल्या. "तीन दिवस अंगावर पाजायचं न्हाई. पहिलं दूध घाण असतंय."

मुलगी रडत होती. मला वाटत होतं ती तीन दिवस काढणार नाही, पण बोलायची छाती होत नव्हती. दाराबाहेर सासरे पाठ करून बसले होते. ते अंगणाकडं बघत म्हणाले, "कोकराला चीक न्हाई भेटला तं ते बिलकुल जगत न्हाई."

 गुळाचं पाणी सासूबाईंनी स्वतःच पिऊन टाकलं.

"पोरीला दात येईस्तोवर आता या माणसाचंच ऐकायचं का?" म्हणाल्या, आणि मुलीला माझ्या छातीशी लावलं.