कंपनीचं औषध आणि उसाला गेलेली लेकरं

सत्तरच्या दशकात मी ताडकळसच्या दवाखान्यात नर्स होते. एका वर्षी शहरातल्या मेडिकल कॉलेजातले एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आमच्याकडे संशोधनासाठी येऊ लागले. एका कंपनीने लहान मुलांची रोगप्रतिकारशक्ती वाढवणारं औषध काढलं होतं, ते खरंच उपयोगी पडतं का हे त्यांना पाहायचं होतं. औषध आणि येण्याजाण्याची जीप कंपनीनेच दिली होती. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं गोड पाणी. कोणत्या बाटलीत काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी मुलांच्या हातावर एक बारीक सुई टोचायची आणि दोन दिवसांनी उठलेली सूज मी पट्टीने मोजायची. चांगली सूज म्हणजे अंगात लढायची ताकद, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं.

बौद्धवाड्यातली एक मजूर बाई मुलांना घेऊन ऊस तोडायला जाताना बाटल्या पदरात बांधून घेऊन गेली होती आणि रिकाम्या करून परत घेऊन आली. तिच्या मुलीची सूज मी मोजत होते, तेव्हा तिने विचारलं, "बाई, औशद कंपनीचं, जीपबी कंपनीचीच. मंग डॉक्टरसायेब त्याला वाईट कसं म्हनतील?"

मी सुजेचा आकडा रजिस्टरात लिहिला.

मोजणी संपल्यावर कोणाला काय मिळालं ते उघड केलं गेलं, आणि कंपनीचा माणूस आला. उसाला गेलेल्या मुलांनी औषध नीट घेतलं नसेल, ती वगळा, असं त्याचं म्हणणं. त्याची यादी मी पाहिली. तिच्यात फक्त औषध मिळालेली मुलं होती. उसाला गेलेली, पण गोड पाणी मिळालेली मुलं मात्र तशीच ठेवायची होती.

कॉलेजातली डॉक्टरांची नवी प्रयोगशाळा त्याच कंपनीच्या मदतीवर उभी राहायची होती. तो माणूस गेल्यावर मी त्या बाईचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला. त्यांनी माझं रजिस्टर मागितलं. प्रत्येक रिकामी बाटली मी त्यात लिहून घेतली होती.

"एकही नाव गाळायचं नाही," ते म्हणाले.

सगळी मुलं धरल्यावर दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. त्यांनी तसंच छापलं, आणि औषध व गाडी कंपनीची होती हेही छापलं. प्रयोगशाळा झाली नाही.

पुढच्या खेपेला ते एसटीने आले आणि माझ्याबरोबर घरोघर फिरले. औषधाचा उपयोग झाला नाही, हे प्रत्येक आईला स्वतः सांगत होते. इतके महिने रोज सकाळी न चुकता पाजलं होतं त्या बाईने.

"सांगाया आलात, बरं केलंत," ती म्हणाली. मग धाकट्याला पुढे करून म्हणाली, याचा कान वाहायलाय, बघता का. डॉक्टर ओट्यावर बसले आणि त्यांनी पिशवीतून बॅटरी काढली.